कानात 'चट्ट': इअरफोनमधून बसणारा शॉक येतो कुठून?

जानेवारीतली संध्याकाळ. माझी भाची जिममधून वर आली ती इअरफोनची वायर बोटाभोवती गुंडाळतच. "मामा, हे बिघडलेत. कानात करंट मारतात." घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एसी जिम आहे. तिथे ट्रेडमिलवर धावताना दर दोन-चार मिनिटांनी कानात 'चट्ट' होत होतं, कधी उजव्या, कधी डाव्या. मी मल्टिमीटर शोधायला उठलो तोवर तिने मोबाइलवर नवी जोडी मागवलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी जोडी आली, तिसऱ्या दिवशी त्या जोडीनेही शॉक दिला. तेव्हा कुठे मामाची आठवण झाली.

महापेच्या एमआयडीसीत सर्किट बोर्ड जोडणाऱ्या एका कारखान्यात मी एकवीस वर्षं काढली. त्यातली निम्मी या 'चट्ट'शी झगडण्यात गेली असं म्हटलं तरी चालेल. त्यामुळे हा विषय निघाला की मला आवरणं कठीण जातं, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिली गोष्ट, इअरफोन निर्दोष आहेत. मोबाइल इअरफोनला जी वीज देतो ती जेमतेम एखाद्या व्होल्टची. वायर नसलेल्या बडमधली बॅटरी ३.७ व्होल्टची. टॉर्चचा सेल बोटात धरला तर काही जाणवतं का? तसंच हे. कोरड्या कातडीला एवढ्या व्होल्टेजचा पत्ताही लागत नाही. म्हणजे शॉक देणारी वीज मोबाइलची नाही आणि इअरफोनचीही नाही. ती भाचीच्या टी-शर्टची आहे, बुटांची आहे आणि थोडीफार ट्रेडमिलच्या पट्ट्याची आहे. इअरफोन हे फक्त दार, आणि ते नेमकं कानात उघडतं.

शाळेत कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचा खेळ सगळ्यांनी केलाय. ही तीच वीज, स्थिर विद्युत. आपल्याकडे राळेच्या पिवळ्या खड्याला तृणमणि म्हणतात, कारण घासला की तो गवताच्या काड्या ओढून घेतो. फारसीत त्याचं नाव कहरुबा, म्हणजे काडी पळवणारा. आणि ग्रीक भाषेत त्याला इलेक्ट्रॉन म्हणत, ज्यावरून पुढे इलेक्ट्रिसिटी हा शब्द आला. तीन भाषांना एकच चमत्कार दिसला, नाव मात्र ग्रीकांचं टिकलं.

दोन वेगळे पदार्थ एकमेकांना टेकले आणि सुटले, की एकाकडचा थोडा विद्युतभार दुसऱ्याकडे जातो. घासायची गरज नसते, टेकणं पुरतं. घासल्याने टेकणं-सुटणं जास्त वेळा आणि जास्त जागी होतं इतकंच. कोण देणार आणि कोण घेणार याची ढोबळ उतरंड आहे. माणसाची कातडी, केस, लोकर, नायलॉन हे देणारे. सुती कापड जवळजवळ अलिप्त. पॉलिएस्टर, पीव्हीसी, सिलिकॉन, टेफ्लॉन हे घेणारे. उतरंडीत दोन पदार्थ जितके लांब, तितका जोरदार व्यवहार. आता जिममधल्या मुलीकडे पाहा: अंगावर पॉलिएस्टरचा टी-शर्ट, त्यावर झुलणारी पीव्हीसीची वायर, कानात सिलिकॉनची टोपी, पायात रबरी तळवे. स्थिर विद्युत जमवायची असं ठरवून कोणी निघालं असतं तरी याहून चांगला पोशाख सापडला नसता.

गंमत म्हणजे हे देणं-घेणं नेमकं कसं होतं यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. धातूंच्या बाबतीत इलेक्ट्रॉन जातात हे पक्कं. प्लास्टिकसारख्या पदार्थांत इलेक्ट्रॉन जातात, आयन म्हणजे भार असलेले अणू जातात की पदार्थाचेच सूक्ष्म कण उखडून चिकटतात, हा वाद सुरू आहे. २०११ साली अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की घासलेला पृष्ठभाग अख्खा धन किंवा अख्खा ऋण नसतोच, दोन्हींच्या बारीक ठिपक्यांची रांगोळी असते, आणि बेरजेत जे उरतं ते आपल्याला जाणवतं. दोन-अडीच हजार वर्षं जुना खेळ, आणि पायरी पहिलीच अजून पुरती सुटलेली नाही. मला हे फार आवडतं.

आता आकडे, कारण इथे लोक घाबरतात. स्थिर विद्युतेचा झटका बोटाला जाणवायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात. कोरड्या हवेत चालता-बोलता अंगावर १०,००० व्होल्टसुद्धा जमू शकतात. ठाणे स्टेशनात फलाटावर उभे राहिलात की डोक्यावरून जाणारी ओव्हरहेड वायर २५,००० व्होल्टची. मग ती तार माणसाला जाळून टाकते आणि टी-शर्टचे १०,००० नुसता चटका देऊन जातात, हे कसं?

व्होल्टेज म्हणजे पाणी किती उंचावर आहे ते. किती पाणी आहे, हा वेगळा प्रश्न. नवी मुंबईला पाणी पुरवणारं मोरबे धरण डोळ्यांसमोर आणा. त्याचा दरवाजा उघडला तर खालचं काही उरणार नाही. आणि पंचविसाव्या मजल्याच्या गॅलरीतून कुणी चमचाभर पाणी सांडलं, तर ते धरणाच्या पाण्याइतक्याच उंचीवरून किंवा त्याहून वरून येईल, पण खालच्या माणसाच्या टकलावर एक टप्पोरा थेंब पडेल, एवढंच. ओव्हरहेड वायरच्या मागे अख्खं वीजकेंद्र उभं असतं, प्रवाह वाहतच राहतो. तुमच्या अंगाच्या मागे कुणी नसतं. माणसाच्या शरीरात भार साठवायची क्षमता साधारण १०० ते २०० पिकोफॅरड, म्हणजे चमचाच. ३,००० व्होल्टला त्यातली ऊर्जा भरते अर्धा मिलिज्यूल. तांदळाचा एक दाणा अडीच मीटर उंच उचलायला लागते तेवढी. प्रवाह क्षणभर एक-दोन अँपिअरपर्यंत चढतो खरा, पण तो क्षण सेकंदाच्या एक कोटीव्या हिश्श्याच्या आसपासचा. हृदयाला त्याची दखल घ्यायलाही वेळ मिळत नाही.

ठिणगी मात्र खरी असते. हवा मिलिमीटरमागे साधारण ३,००० व्होल्टला फाटते. बोट आणि दाराची मूठ यांच्यात मिलिमीटरभर अंतर राहिलं की मधली हवा फुटते, आणि 'चट्ट' हा आवाज त्या फुटण्याचा. म्हणजे ती एक बोटभरसुद्धा नसलेली वीज आणि तिचा गडगडाट.

ट्रेडमिलवर हे इतकं का होतं? १९२९ साली रॉबर्ट व्हॅन डी ग्राफ याने प्रयोगशाळेत लाखो व्होल्ट तयार करण्यासाठी एक यंत्र बनवायला घेतलं. त्यात काय होतं? फिरणारा पट्टा, दोन रूळ आणि भार साठवायला धातूचा गोळा. ट्रेडमिलमध्येही फिरणारा पट्टा आहे, दोन रूळ आहेत, आणि गोळ्याच्या जागी तुम्ही. पट्टा खालच्या फळीवर घासतो, तुमचे रबरी तळवे पट्ट्यावर मिनिटाला दीडशे वेळा टेकतात आणि सुटतात. प्रत्येक पावलाला थोडा भार. तळवे रबरी असल्याने तो जमिनीत जाऊ शकत नाही, अंगावर चढत राहतो.

आता ही वीज कानापर्यंत पोचायच्या दोन वाटा.

पहिली वाट वायरची. वायर टी-शर्टवर घासते तेव्हा तिच्या प्लास्टिकवर भार जमतो. प्लास्टिकमधून तो वाहत नाही, पण आतल्या तांब्यातल्या भारांना तो ढकलतो आणि ओढतो. तांबं सरळ कानातल्या छोट्या स्पीकरपर्यंत गेलेलं. तिथे जाळी आणि कातडी यांच्यात केसाएवढी फट असली, की ठिणगी तिथेच पडते. ठिणगी पडली की दोन्हीकडची पातळी सारखी, सगळं शांत. वायर पुन्हा घासते, पुन्हा भरते, पुन्हा सांडते. दर दोन-चार मिनिटांचं गणित ते हेच.

दुसरी वाट उलटी. भार वायरवर कमी आणि धावणाऱ्याच्या अंगावर जास्त. मोबाइल ट्रेडमिलच्या यूएसबीला लावलेला असला, किंवा इअरफोन थेट मशीनच्या टीव्हीच्या जॅकमध्ये खोचलेले असले, तर अंगावरची सगळी वीज जमिनीकडे पळायला जवळचा रस्ता शोधते, आणि तो रस्ता सुरू होतो कानातून. ही वाट जास्त दुखरी, कारण चमचा पूर्ण भरलेला असतो.

बोटाला बसला तर आपण हात झटकतो आणि विसरतो. कानात बसला की माणूस मशीन थांबवतो. कानाच्या नळीतली कातडी पातळ, तिच्याखाली लगेच हाड किंवा कूर्चा, आणि नसांची दाटी. कान कोरताना काही जणांना अचानक खोकला येतो, ठाऊक असेल. कानाच्या नळीत व्हेगस या नसेची एक फांदी येते, तिचा हा प्रताप. इतक्या हळव्या जागी सुईच्या टोकाएवढ्या ठिकाणी सगळा प्रवाह उतरतो. शिवाय ठिणगीचा आवाज पडद्यापासून बोटभर अंतरावर होतो, त्यामुळे शॉकपेक्षा दचकणंच मोठं. हा चटका तेवढ्यापुरता. कानात दुखत राहिलं किंवा शीळ वाजत राहिली, तर कारण दुसरं काही असू शकतं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवावं.

आता भाचीचा पुढचा प्रश्न, आणि तो चांगला होता: "मग पावसाळ्यात का नाही होत?"

जुलैत ठाण्याच्या हवेत ऐंशी-नव्वद टक्के आर्द्रता असते. पापडाला ओल येते, मिठाच्या डबीत तांदूळ घालावे लागतात, टॉवेल वाळत नाही. तशीच प्रत्येक वस्तूवर, वायरवर, टी-शर्टवर, तुमच्या कातडीवर पाण्याचा अदृश्य थर बसलेला असतो. त्यात क्षार विरघळलेले, त्यामुळे त्यातून वीज पाझरते आणि भार जमायच्या आतच निघून जातो. दमट हवा स्वतः विजेची चांगली वाहक आहे असं बरेच जण समजतात. तसं नाही, काम करतो तो पृष्ठभागावरचा ओलावा. डिसेंबर-जानेवारीत वारा समुद्राकडून यायचा थांबून जमिनीकडून येतो, दुपारी आर्द्रता कधी कधी तीस-चाळीस टक्क्यांवर उतरते, ओठ फुटतात. त्यात एसी. एसी हवा थंड करताना तिच्यातलं पाणी काढून घेतो. खिडकीबाहेरच्या नळीतून जे ठिबकतं ते खोलीतल्या हवेचंच पाणी. म्हणून ऐरोलीच्या आयटी पार्कांमध्ये बसणाऱ्यांना खुर्चीवरून उठून दाराच्या मुठीला हात लावताना चटका बसतो, आणि तीच माणसं संध्याकाळी पनवेल लोकलच्या गर्दीत एकमेकांना चेंगरून उभी असताना कुणाला काही होत नाही. घामाइतकं स्वस्त अर्थिंग नाही.

कारखान्यात हिवाळा आला की आमचा पहारा कडक व्हायचा. आर्द्रतामापकावर डोळा ठेवायचा, ती चाळिसाच्या खाली गेली की पाण्याची वाफ सोडणारी यंत्रं चालू. बोर्डाला हात लावणाऱ्या प्रत्येक मुलीच्या मनगटाला पट्टा आणि पट्ट्यातून अर्थिंगला तार. त्या तारेत मुद्दाम १ मेगओहमचा रोध घातलेला असतो. अर्थिंगच करायचं तर अडथळा कशाला, असं नवी मुलं विचारायची. स्थिर विद्युत त्यातून आरामात निघून जाते, पण चुकून दुसरा हात २३० व्होल्टला लागला तर तोच रोध जीव वाचवतो. एवढा बंदोबस्त का, तर काही चिप शंभर व्होल्टच्या आतही मरतात, आणि माणसाला कळतं ३,०००च्या पुढे. म्हणजे तुम्हाला काही जाणवलंच नाही आणि चिप गेलेली. तयार मोबाइल मात्र एवढा नाजूक नसतो. त्याच्या प्रत्येक तोंडाशी संरक्षण बसवलेलं असतं. अशा उपकरणांच्या चाचणीच्या आंतरराष्ट्रीय मानकात हवेतून १५,००० व्होल्टच्या ठिणगीपर्यंतची पातळी ठरवून दिलेली आहे. कानातल्या 'चट्ट'मुळे फार तर ब्लूटूथ बड एखाद्या वेळी बंद होऊन परत चालू होईल.

इथपर्यंत सगळं निरुपद्रवी. पण कानात 'करंट' लागल्याची तक्रार आली की मी एक प्रश्न आधी विचारतो: 'चट्ट' की 'झिणझिण'?

'चट्ट' म्हणजे एकदा बसला, संपला. मोबाइल चार्जिंगला लावून इअरफोन घातले असताना कानात बारीक मुंग्या येतात, गुणगुण जाणवते आणि ती थांबत नाही, तर ती जात वेगळी. ती भिंतीतल्या प्लगमधून आलेली वीज. चार्जरच्या आत २३० व्होल्टची बाजू आणि ५ व्होल्टची बाजू तारेने कुठेही जोडलेल्या नसतात, मधे छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. पण चार्जरमुळे होणारा रेडिओलहरींचा गोंगाट दाबायला दोन्ही बाजूंमध्ये एक बारका कपॅसिटर मुद्दाम घालतात, आणि त्यातून थोडी वीज झिरपते. चांगल्या चार्जरमध्ये ती पाव मिलिअँपिअरच्या आत ठेवलेली असते. दोन पिनांचा चार्जर लावलेल्या धातूच्या लॅपटॉपवरून हात फिरवला की कधी कधी पृष्ठभाग खरखरीत लागतो, तो हाच. टेस्टर लावला तर मिणमिणतोही. तोवर घाबरायचं कारण नाही, जमिनीवर अनवाणी बसायचं टाळलं तरी कमी होतं.

धोका आहे तो रस्त्यावर शंभर-दीडशेला मिळणाऱ्या चार्जरचा. मी काही उघडून पाहिलेत. आत २३० ची बाजू आणि ५ ची बाजू यांच्यात जेवढं अंतर हवं त्याच्या निम्मंही नाही, ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळ्यांमध्ये नीट कागदही नाही. एखाद्या दिवशी ते इन्सुलेशन फुटलं की मोबाइल, वायर आणि कान सगळं थेट २३० व्होल्टवर. इथे चमचा नाही, इथे धरण आहे. अंग ओलं असलं तर आणखी वाईट. म्हणून माझ्या घरात एक नियम आहे, आणि तो मोडला की मी खरंच ओरडतो: मोबाइल चार्जिंगला असताना वायरचे इअरफोन कानात नकोत. झिणझिण जाणवली तर आधी प्लगचं बटण बंद, मग इअरफोन काढा, आणि तो चार्जर पुन्हा वापरू नका.

विजेच्या तिसऱ्या जातीबद्दल, म्हणजे आभाळातल्या विजेबद्दल, एकच सांगतो, कारण जूनमध्ये येऊरच्या डोंगरावर धावायला जाणारे पुष्कळ आहेत. २००५ साली कॅनडात वादळात धावणाऱ्या एका माणसावर झाडावरून वीज झेपावली. कानात इअरफोन होते. दोन्ही पडदे फाटले, जबडा मोडला, आणि वायर जिथून गेली होती त्या रेषेत कातडी भाजली. इअरफोन वीज बोलावत नाहीत, पण ती आली की घामट अंगावरच्या तारेने तिला कानाचा रस्ता मिळतो. ढग वाजायला लागले की ते काढा, आणि खरं म्हणजे खाली या.

आता 'चट्ट'वरचे उपाय. भाचीने सगळे एकदम केले, त्यामुळे नेमका कोणता लागू पडला ते सांगता येत नाही, पण पदार्थविज्ञान प्रत्येकाच्या बाजूने आहे. सुती टी-शर्ट हा सगळ्यांत मोठा फरक. वायर टी-शर्टच्या आतून, कातडीला लागून घेतली की ती आणि तुम्ही एकाच पातळीवर राहता. आठवड्यातून एकदा वायर ओलसर फडक्याने पुसा. कपडे धुताना सॉफ्टनर वापरत असाल तर तोही कामाचा, कारण तो धाग्यांवर ओलावा धरणारा थर सोडतो. हातापायांना मॉइश्चरायझर लावण्यामागेही तेच तत्त्व. इअरफोन कानात घालण्याआधी जॅकची किंवा मोबाइलची धातूची कड हाताने घट्ट धरा, म्हणजे पातळी हातातूनच सारखी होते आणि कानाला काही शिल्लक राहत नाही. धावताना अधूनमधून दांडीला हात लावा; भार थोडा असतानाच गेला तर जाणवतही नाही.

ऑफिसातल्या दारांसाठी माझा उपाय किल्ली. हातात घट्ट धरून तिचं टोक आधी दाराच्या मुठीला टेकवायचं. ठिणगी पडते तेवढीच, पण ती किल्लीवर पडते आणि तुमच्या हातात प्रवाह अख्ख्या चिमटीभर जागेतून जातो, म्हणून दुखत नाही. किल्ली नसेल तर सिमेंटच्या भिंतीवर आधी तळहात ठेवा. भिंत वाईट वाहक असते आणि इथे तेच हवंय, भार सावकाश उतरतो. इअरफोनच्या दुकानात मिळणारे महागडे 'अँटिस्टॅटिक' काहीही घ्यायची गरज मला तरी कधी वाटली नाही. वायर नसलेले बड घेतले तर लांब वायरच नाही, त्यामुळे त्रास पुष्कळ कमी. पण डबीतून काढून कानात घालताना एखादा चटका त्यांच्याकडूनही बसू शकतो.

राहता राहिला ट्रेडमिल. रविवारी सकाळी मी जिममध्ये उतरलो आणि वाकून त्याचा प्लग पाहिला. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कुणीतरी करवतीने कापली होती, कारण ती तिथल्या जुन्या एक्स्टेन्शन बोर्डात बसत नव्हती. म्हणजे मशीनला अर्थिंगच नाही. पट्ट्यावर जमलेली वीज जायला वाट नव्हती, म्हणून सांगाड्यासकट सगळं भरत होतं, आणि दांडीला हात लावूनही फारसा उपयोग झाला नसता. शॉकचं मला फार नाही वाटलं. आत २३० व्होल्टवर चालणारी मोटर आहे. तिची एखादी तार सुटून सांगाड्याला लागली असती तर घामाने भिजलेला माणूस ती दांडी धरूनच उभा असता.

बोर्ड मी तिथल्या तिथे काढून ठेवला आणि मशीनवर 'बंद' असा कागद चिकटवला. सोसायटीच्या ग्रुपवर तीन जणांनी विचारलंय की ट्रेडमिल कधी सुरू होणार, एकाने विचारलंय की मला कुणी अधिकार दिला. इलेक्ट्रिशियन बुधवारी येतोय.